ओदीलबाईंची पांढरी वाइन

अमेरिकेहून परत आल्यावर साताऱ्यात जो भेटेल तो आधी नायगाऱ्याचं विचारतो. नायगारा मी पाहिला नाही. फेब्रुवारीत तो निम्मा गोठलेला असतो म्हणतात, आणि गोठलेलं पाणी बघायला एवढ्या लांब जायची मला हौस नव्हती. मी गोठलेली वाइन पाहिली. एका जुन्या फ्रेंच घराण्याची. जिचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात अशी ती पांढरी वाइन मोटेलच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत गोठली आणि बाटल्यांची बुचं ढकलून बाहेर आली. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नदी, माती आणि हवामान यांवरून पिकाची चव ठरते, असं मुलांना सांगत आले. तिकडे जाऊन कळलं की चव लेबलावरून ठरते.

फ्रिस्को

माझा धाकटा भाऊ मुकुंद टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. तिथली घरं एकाच साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी. पहिल्याच सकाळी फिरून परत येताना मी भलत्याच घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या तेलुगू बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी मला कॉफी दिली, दोन इडल्या खायला लावल्या आणि मग मुकुंदच्या दारात आणून सोडलं. बहुधा दर हिवाळ्यात कोणाची तरी आई किंवा सासू अशी त्यांच्याकडे चुकून येत असावी.

शनिवारी मुकुंदकडे पार्टी होती. पुण्याची, मुंबईची, नागपूरची मंडळी, सगळे आयटीतले, सगळ्यांच्या हातात काचेचे लांब दांडीचे ग्लास. ग्लास दांडीलाच धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि मग एक शब्द बोलायचा. कोणी "चेरी" म्हणायचं, कोणी "लेदर" म्हणायचं. लेदर म्हणणाऱ्याचा मान जरा जास्त दिसला. याच माणसांना मी लग्नाच्या पंगतीत मठ्ठा एका दमात पिताना पाहिलेलं आहे.

कोणीतरी मुकुंदला विचारलं, केतकी सध्या काय करते? मुकुंद म्हणाला, सप्लाय चेनमध्ये आहे. आणि लगेच त्याने पार्किंगचा विषय काढला.

केतकी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची. तिचा जन्म तिथलाच. चांगली कन्सल्टिंगमधली नोकरी होती. ती सोडून तिने शिकागोत स्वतःची छोटी कंपनी काढली आणि फ्रान्समधल्या एका कुटुंबाच्या द्राक्षमळ्यातली पांढरी वाइन अमेरिकेत आणून विकायला लागली. कंपनी म्हणजे ती, तिची गाडी आणि गोदामातला भाड्याचा एक कोपरा. बापलेकीचं तेव्हापासून धड बोलणं नव्हतं. मुकुंदच्या मते वाइन पिणं म्हणजे कल्चर आणि विकणं म्हणजे दारूचा धंदा. हे तो हातातला ग्लास गोल फिरवत सांगायचा.

त्या संध्याकाळी बाटल्या कमी पडल्या. शर्मिलावहिनीने स्वयंपाकघरात ऑलिव्ह तेलाच्या मागे ठेवलेली एक बाटली काढली. केतकीने दिवाळीला पाठवली होती, तशीच पडून होती. वहिनीने पहिला ग्लास मला दिला. मी पीत नाही असं साताऱ्यात सगळ्यांना वाटतं, ते त्यांना वाटू दे. मला ती आवडली. आधी आवळ्यासारखी आंबट, जीभ गोळा करणारी, आणि आवळ्यावर पाणी प्यावं तशी शेवटी हळूच गोड. बाहेर मात्र वैद्य आडनावाच्या नागपूरच्या पाहुण्यांना ग्लासच्या तळाशी बारीक खडे दिसले. काच आहे, म्हणाले. सगळे जमले. मोबाइलचा उजेड पाडून तपासणी झाली आणि उरलेली बाटली सिंकमध्ये गेली. ती काच नव्हती. चांगली पांढरी वाइन गोदामात थंडीत राहिली की तिच्यातलं आम्ल असं खड्यांसारखं खाली बसतं, हे मला नंतर केतकीकडून कळलं. वैद्यांना कोणी सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मुकुंद मला विमानतळावर सोडायला आला. वाटेत म्हणाला, "ताई, शिकागोला जातेच आहेस तर तिला जरा समजाव. तुझं ऐकते ती. नोकरीत परत जा म्हणावं, लोकांना सांगायची तरी सोय होईल."

मी बघते म्हणाले. भावाला हो म्हणायची जुनी सवय आहे.

शिकागो

केतकी गाडी घेऊन आली तेव्हा पुढच्या सीटवर एक बाई बसल्या होत्या. बुटक्या, रुंद पंजांच्या, थंडीने नाक लाल झालेलं, अंगात तपकिरी जाड जॅकेट आणि पायात शेतात घालायचे असावेत असे बूट. या मादाम ओदील, मळ्याच्या मालकीण. मळ्याचे मालक वर्षातून एकदा येऊन दुकानादुकानांत फिरले की माल खपतो अशी तिकडची रीत आहे, म्हणून केतकीने त्यांना फ्रान्सहून बोलावलं होतं. मी मनातल्या मनात त्यांना ओदीलबाई करून टाकलं. त्यांचं इंग्रजी माझ्या इंग्रजीइतकंच, म्हणजे सावकाश, आणि क्रियापदाचा काळ ऐकणाऱ्याने लावून घ्यायचा. त्यामुळे आमचं छान जमलं.

मग आमची वरात निघाली. केतकीच्या खांद्यावर चाकं लावलेली बाटल्यांची पिशवी असायची, कारण फुटपाथवर बर्फ साचलेला होता आणि चाकं नुसती शोभेची होती. दुकानात शिरायचं, दोन-दोन घोट ओतायचे आणि केतकीने गोष्ट सांगायची. गोष्ट ठरलेली होती. लुआर नदीचा काठ. खडूसारख्या पांढऱ्या दगडाच्या कड्यात कोरलेली तळघरं. सात पिढ्या. हाताने खुडलेली द्राक्षं. आणि वेलींच्या ओळींमध्ये नांगर ओढणारा पांढरा घोडा. घोड्यापाशी केतकी थोडं थांबायची. घोड्याचा फोटोही होता. लोक वाइनकडे कमी आणि घोड्याकडे जास्त बघायचे.

ओदीलबाई शेजारी उभ्या राहून मान हलवायच्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, घोडा केव्हाच मेला, आता ट्रॅक्टर आहे.

केतकी म्हणाली, "ओदील, प्लीज. दुकानात नको."

एका मोठ्या रेस्टॉरंटात वाइन निवडायचीच नोकरी असलेला एक तरुण होता. त्याने ग्लासात नाक घालून बराच वेळ काढला आणि म्हणाला, ओली लोकर. केतकीचा चेहरा खुलला, म्हणजे ही स्तुती असावी. मला मात्र माणदेशातला पावसात भिजलेला धनगर आणि त्याची घोंगडी आठवली. ओदीलबाईंना लोकर शब्द समजला नाही. मी माझ्या स्वेटरची बाही ओढून दाखवली. त्यांनी आपला ग्लास पुन्हा हुंगला आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. त्या तरुणाने शेवटी ऑर्डर दिली नाहीच. म्हणाला, अप्रतिम आहे, पण आमच्याकडे सध्या पोर्तुगालचं चाललंय.

डेव्हन ॲव्हेन्यूवर, म्हणजे देशी दुकानांच्या रस्त्यावर, केतकीच्या ओळखीचे एक हैदराबादी रेस्टॉरंटवाले होते. त्यांनी गोष्ट घोड्यासकट शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, गोड आहे का? थोडी, केतकी म्हणाली. मग पूर्ण गोड आणा, ते म्हणाले, आमची गिऱ्हाइकं बिर्याणीवर आंब्याची लस्सी पितात. माणूस खोटं बोलला नाही, म्हणून मला तो सबंध शिकागोत सगळ्यात सभ्य वाटला. त्याने आम्हांला फुकट मिरची भजी खायला घातली. ओदीलबाईंनी अख्खी मिरची चावली, डोळ्यांतून पाणी काढलं, आपल्याच वाइनचा मोठा घोट घेतला आणि दुसरं भजं उचललं. याच्याबरोबर चांगली लागते, म्हणाल्या. हे कोणी लेबलावर छापणार नाही.

शेजारच्या साडीच्या दुकानात त्या बराच वेळ रमल्या. रस्त्यावर पार्किंगची वेळ संपून केतकीला दंडाचं तिकीट मिळालं. बर्फ, मिठाईचा तुपकट वास, बसमधून उतरणाऱ्या ओढणीवाल्या बायका आणि त्यात हातात भज्यांबरोबरचं कांदेलिंबू घेऊन चाललेली ती फ्रेंच बाई. माझ्या सहलीतलं हे दृश्य मी कोणाला सांगितलं तर पटत नाही.

संध्याकाळी केतकीच्या घरी तिला मुकुंदचा निरोप दिला. तिने भांडी घासता घासता ऐकून घेतला. मग इंग्रजीत म्हणाली, बाबांना सांग, यावर्षी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला मोठं वाइन टेस्टिंग आहे, ते जमलं की सगळं ठीक होईल. आणि मराठीत म्हणाली, "आत्या, माझ्याकडे हे एकच चांगलं आहे. हे गेलं तर मी खरंच परत जॉब करीन."

समजावण्याचं काम तिथेच संपलं असं मी धरून चालले.

मिशिगनच्या वाटेवर

शिकागोहून ॲन आर्बर एका दिवसाचा सोपा प्रवास. पण मिशिगन सरोवरावरून येणारं बर्फाचं वादळ मधे आडवं आलं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे सोडले तर काही दिसेना, तेव्हा केतकीने कॅलमझू नावाच्या गावाबाहेर गाडी थांबवली. नाव ऐकून मला वाटलं कोणी शिवी देतंय. गाव मात्र गरीब आणि शांत होतं. हायवेलगतच्या खाणावळीत आम्ही दुपारचं जेवलो. कॉफी कितीही वेळा फुकट भरून देतात. पहिल्यांदा पितानाच कळतं की का.

केतकी फोनवर बोलायला बाहेरच्या दाराशी गेली. ओदीलबाई बटाट्याचे काप बाजूला सारत म्हणाल्या की मला तुम्हांला एक सांगायचंय. आणि त्यांनी सांगितलं. मळा विकायचं ठरलं आहे. एक मोठी विमा कंपनी घेणार आहे. त्या इथून परत गेल्या की सह्या.

विमा कंपनीला द्राक्षांचं काय करायचं, मी विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. बहुधा पाहुण्यांना दाखवायला, म्हणाल्या. नाव तेच ठेवतील, लेबल तेच ठेवतील, दुसऱ्या मळ्यांची द्राक्षंही त्यात जातील. मुलगा दक्षिणेकडे विमानांच्या कारखान्यात आहे, त्याला मातीत हात घालायचा नाही. आणि मळा त्यांच्या एकटीचा नव्हता. दोन भाऊ आणि एक बहीण, सगळे पॅरिसला, सगळ्यांचा सारखा वाटा. त्यांना आपापला हिस्सा हवा होता.

मी म्हणाले, आमच्याकडे हा त्रास नाही. आमच्याकडे बहिणीला बोलावतात, जेवायला घालतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि साडी देतात. ओदीलबाईंनी विचारलं, तुम्ही केली सही? केली, म्हणाले. साडी कशी होती, त्यांनी विचारलं. रंग जाणारी होती. त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की वाढणाऱ्या बाईने येऊन पुन्हा कॉफी भरली.

हसून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. केतकीला अजून सांगितलेलं नाही, म्हणाल्या. ती फार जीव टाकते. ॲन आर्बरचं होऊ दे, मग सांगीन. तोवर तुम्ही गप्प राहा.

मी म्हणाले, मी गप्प राहीन, पण फार वेळ नाही. ती माझ्या भावाची मुलगी आहे आणि पुढच्या वर्षीचे बेत तुमच्या जिवावर करते आहे. सांगायचं तर तुम्हीच सांगा. माझ्याकडून कळलं तर तुमचीही पत जाईल आणि माझीही. केतकी परत आली ती उत्साहात. ॲन आर्बरच्या कार्यक्रमाला शंभरेक लोक नाहीत, वीस-पंचवीसच आहेत, पण सगळे पिणारे आहेत म्हणाली. प्राध्यापक.

रस्ता मोकळा होईना, म्हणून तिथल्याच मोटेलात मुक्काम केला. बाटल्यांची पिशवी खोलीत न्यावी का, केतकीने विचारलं. ओदीलबाई म्हणाल्या, गाडीतच असू दे, पांढऱ्या वाइनला थंडी चांगली. सात पिढ्यांचा अनुभव होता, आम्ही कोण बोलणार?

सकाळी केतकीने डिकी उघडली. त्यांच्या गावची थंडी आणि मिशिगनची थंडी यांत जो फरक आहे तो बाटल्यांना रात्रीत कळला होता. काही बाटल्यांची बुचं अर्धी वर आली होती, काहींची पार निघून पिशवीत पडली होती. दोन बाटल्या उभ्या चिरल्या होत्या. बाहेर आलेली वाइन पिवळसर बर्फ होऊन बाटल्यांच्या मानेवर बसली होती, आमच्या जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यासारखी. सगळ्या पिशवीला पेरूचा वास येत होता.

केतकी डिकीच्या कडेवर बसली. ती रडली नाही, भराभर बोलायला लागली. काही हरकत नाही, आज लोकांना थोडीच देऊ, पुढच्या वर्षी जास्त मागवू, आता येणारा माल फार चांगला आहे म्हणतात, पुढच्या वर्षी टेक्साससुद्धा करू. ती पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असं म्हणत राहिली, आणि ओदीलबाई हातात एक चिरलेली बाटली धरून ऐकत राहिल्या.

मग त्यांनी ती बाटली खाली बर्फात ठेवली आणि म्हणाल्या, "केतकी, पुढचं वर्ष नाही."

बाकीचं फ्रेंचमध्ये झालं. मला एक शब्द कळला नाही, आणि कळायची गरजही नव्हती. केतकीचा चेहरा मी तिच्या लहानपणापासून पाहत आले आहे. तिने कडेवरून उठून जॅकेटवरचा बर्फ झटकला, फुटलेल्या बाटल्या एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि गाडी सुरू केली. मग ती आरशातून मला म्हणाली, "तुला माहीत होतं?"

कालपासून, मी म्हणाले.

"तूपण," ती म्हणाली. एवढंच. ते मला अजून टोचतं.

ॲन आर्बर

ॲन आर्बर हे विद्यापीठाचं गाव. बर्फातून सायकली चालवणारी पोरं, तुडुंब बस आणि थंडी इतकी, की बोलताना आपलं वाक्य आपल्यालाच दिसतं. कार्यक्रम एका रेस्टॉरंटच्या मागच्या दालनात होता. गावातल्या मोठ्या वाइनच्या दुकानाचे मालक यजमान होते. केतकीने सांगितलं की गेली काही वर्षं ती त्यांच्या मागे होती आणि दर वेळी उत्तर एकच मिळालं होतं, हिवाळ्यात पांढरी वाइन चालत नाही. उन्हाळ्यात ते म्हणायचे की लोक बिअर पितात.

द्यायला वाइन होती ती ओदीलबाईंच्या सुटकेसमधली. स्वतःच्या कपड्यांत गुंडाळून त्यांनी तीन जुन्या बाटल्या आणल्या होत्या, सहलीच्या शेवटी केतकीला भेट द्यायला. त्या खोलीत राहिल्या म्हणून वाचल्या. वीस-पंचवीस लोकांत तीन बाटल्या. आमच्याकडे सत्यनारायणाचं तीर्थ यापेक्षा मोकळ्या हाताने देतात.

लोक आले. मफलर, दाढ्या, चष्मे. एक इतिहासाचे प्राध्यापक होते, ते फ्रान्सला दर दोन वर्षांनी जातात हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. त्यांनी घोट घेऊन सांगितलं की यात कडा आहे. म्हणजे दगडाचा कडा. कोणीतरी खडू म्हणालं. फळ्यासमोर उभं राहून मी जन्मभर इतका खडू खाल्लाय, पण मला तो त्यात सापडला नाही.

केतकी उभी राहिली. लुआर नदी झाली, कडा झाला, सात पिढ्या झाल्या. पुढे घोडा यायचा होता. ती थांबली. मला वाटलं नेहमीसारखी थांबली. पण तिने फोटो खाली ठेवला आणि साध्या इंग्रजीत सांगितलं की घोडा केव्हाच मेला. एप्रिलमध्ये कडाक्याची थंडी पडली की ही बाई आणि तीन मजूर वेलींमध्ये मेणाचे डबे पेटवून कळ्या थंडीने जळू नयेत म्हणून रात्रभर राखण करतात, ते कोणत्याच फोटोत नाही. मुलाला हे करायचं नाही. मळा विकला जातोय. माझ्या गोदामात आहे तो शेवटचा माल. तुमच्या ग्लासात आहे तीही शेवटचीच. एवढं बोलून ती खाली बसली.

मला वाटलं, आता लोक उठून ओदीलबाईंपाशी जातील, दोन शब्द बोलतील. इतिहासाचे प्राध्यापक उठलेही. ट्रॅजिक, म्हणाले. मग केतकीकडे वळून त्यांनी विचारलं, नेमक्या किती पेट्या शिल्लक आहेत?

त्यानंतर जे झालं त्याला लिलाव म्हणणं बरं. एकाने सहा बाटल्या म्हटलं की दुसरा बारा म्हणायचा. दाढीवाले मफलर सोडून मोबाइलवर नावं नोंदवू लागले. ज्या बाईंनी घोट घेऊन नाक मुरडलेलं मी स्वतः पाहिलं होतं, त्यांनी एक पेटी आपल्यासाठी आणि एक बहिणीसाठी घेतली. दुकानाचे मालक केतकीला कोपऱ्यात घेऊन गेले आणि म्हणाले की सगळा माल मलाच द्या. हिवाळा अजून संपलेला नव्हता, पण त्यांना त्याची आठवण राहिली नव्हती.

ओदीलबाई माझ्या शेजारी बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हे का घेताहेत?"

मी म्हणाले, "तुम्ही संपलात म्हणून. आमच्याकडे जिवंत माणसाकडे कोणी फिरकत नाही. तेराव्याला गर्दी होते."

त्यांना तेरावं समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्या आईच्या वेळीही असंच झालं होतं. मग प्राध्यापक आले. त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन सांगितलं की तुमची परंपरा टिकायला हवी होती. त्या म्हणाल्या, धन्यवाद. फ्रेंच माणूस धन्यवाद अशा थंड सुरातही म्हणू शकतो हे मला तेव्हा कळलं. प्राध्यापकांनी हात चटकन सोडला.

सगळे गेल्यावर केतकी ऑर्डरींचा आकडा घेऊन आली. तिचे डोळे चमकत होते. ओदीलबाईंच्या समोर गुडघ्यांवर बसून तिने विचारलं की अजून सह्या झालेल्या नाहीत ना? दरवर्षी एवढी खपली तर भावांचा वाटा हळूहळू देता येईल, मळा राहील, आपण करू. मला वाटलं, बाई आता हो म्हणतील. सिनेमात म्हणतात.

ओदीलबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि सावकाश, एकेक शब्द निवडत म्हणाल्या, "बाळ, मी मळा वाचवत नाहीये. मी त्यातून सुटते आहे. मला एप्रिलमध्ये झोपायचंय."

केतकी तिथेच बसून राहिली. मग तिने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. आणि आता मात्र रडली.

परत

मुकुंदचा फोन दुसऱ्या दिवशी आम्ही शिकागोच्या वाटेवर असताना आला. ॲन आर्बरच्या कोणा मराठी मित्राने त्याच्या ग्रुपवर टाकलं होतं, फ्रेंच घराण्याची शेवटची वाइन, आणि ती आणणारी आपल्या मुकुंदाची केतकी. तो गाडीच्या स्पीकरवर होता. आवाज असा, जणू त्यानेच द्राक्षं खुडली. त्याला चार पेट्या हव्या होत्या. वैद्यांनाही दोन हव्या होत्या.

"संपली, बाबा," केतकी म्हणाली.

"अगं, घरच्यांसाठी काढून ठेवायची ना?"

"घरच्यांनी आधीची सिंकमध्ये ओतली."

वहिनीने तिला सांगितलेलं दिसत होतं. मुकुंद म्हणाला, पुढे काही चांगलं आणलंस तर आधी मला सांग. भांडण मिटवायची त्याची हीच पद्धत आहे. केतकीने हो म्हटलं आणि मला बरं वाटलं. थोडी आशाही वाटली, ती माझी चूक.

विमानतळावर ओदीलबाईंना सोडताना केतकीने त्यांना विचारलं की आता मी काय विकू? बाई जरा अवघडल्या. बॅगेचा पट्टा नीट करत म्हणाल्या की आमच्या कुंपणापलीकडे एक माणूस आहे. तिरसट आहे, कोणाला दारात उभं करत नाही. सिमेंटची शेड आहे, कडाबिडा नाही. घराणं नाही, बापाने कर्ज काढून जमीन घेतली. पण त्याची पांढरी माझ्या पांढरीपेक्षा चांगली असते. नेहमीच होती.

इतकी वर्षं का नाही सांगितलं, तिने विचारलं. ओदीलबाई म्हणाल्या, तू विचारलं नाहीस, तुला कडा हवा होता. मग मला मिठी मारून, दोन्ही गालांना गाल लावून त्या आत गेल्या.

मी मार्चमध्ये साताऱ्याला परतले. केतकी मे महिन्यात त्या माणसाला भेटून आली. त्याने तिला दारातच उभं केलं, दारातच ओतून दिली, आणि तिने सगळी घेतली. मुकुंदने कबूल केल्याप्रमाणे न चाखताच चार पेट्या सांगून ठेवल्या. मग एक दिवस फोन करून विचारलं, या लोकांचं घराणं किती जुनं, पार्टीत सांगायला काहीतरी हवं. केतकीने खरं ते सांगितलं, की घराणं नाही, त्याचे वडील गावात बस चालवायचे.

मुकुंदने ऑर्डर कॅन्सल केली.

केतकी मला फोनवर हे सांगून हसत होती. मीही हसले. आमचे वडील, अण्णा, सातारा डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते, मेढ्याच्या गाडीवर. ही गोष्ट फ्रिस्कोत कोणालाही ठाऊक नाही. केतकीलाही नव्हती. मी तिला तेव्हा सांगितली.